मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची केसगळती : कारणे, तपासण्या आणि काळजी

निशिगंध

नमस्कार. यंदा उन्हाळ्यात माझी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. गाठी मोठ्या असल्याने ती पोट उघडून करावी लागली. त्याआधीचे जवळजवळ वर्षभर पाळीच्या वेळी इतका रक्तस्राव होत असे की हिमोग्लोबिन ७.८ पर्यंत उतरले होते आणि शस्त्रक्रियेपूर्वी रक्त चढवावे लागले. अंडाशये ठेवली आहेत. टाके नीट भरून आले, भूक परतली, कार्यालयही सुरू झाले.

आता सारे मार्गी लागले असे वाटू लागले आणि नेमके तेव्हापासून केस जाऊ लागले आहेत. न्हाल्यावर मोरीच्या जाळीवर पुंजका साचतो, कणीक मळताना परातीत केस सापडतो, भांग रुंदावला आहे आणि वेणीचा शेपटा पूर्वीच्या निम्माही उरलेला नाही. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, त्यामुळे केस मुळासकट उपटले जात आहेत की काय, या विचाराने झोप लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतर लगेच काही झाले नाही, मग इतक्या उशिरा हे का सुरू झाले? हा भुलीच्या औषधाचा परिणाम असेल का? केस परत येतात का? घरचे म्हणतात, जीव वाचला हे मोठे, केसांचे काय घेऊन बसलीस. त्यांचे म्हणणे मला पटते, तरीही आरशासमोर उभे राहवत नाही. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

त्वचावैद्य

निशिगंधताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आपल्याला न तपासता निदान सांगणे योग्य होणार नाही, पण आपण वर्णन केलेला क्रम आम्हाला अतिशय परिचित आहे.

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि ते सगळे एकाच वेळी वाढत नसतात. निरोगी माणसाचे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था २ ते ६ वर्षे चालते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणाचा टप्पा येतो आणि मग केस सुमारे ३ महिने विश्रांती घेऊन गळून पडतो. रोज ५० ते १०० केस जाणे हे या चक्राचेच लक्षण आहे. शरीरावर मोठा आघात झाला, मग तो शस्त्रक्रियेचा असो, भरपूर रक्त जाण्याचा असो, टायफॉइड-डेंग्यूच्या तापाचा असो वा बाळंतपणाचा, की वाढीत असलेले पुष्कळसे केस एकदमच विश्रांतीत ढकलले जातात. ते त्या दिवशी गळत नाहीत. विश्रांतीचा काळ संपला की सगळे मिळून गळू लागतात आणि रोजचा आकडा दोनशे-तीनशेपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे आज आपल्या हातात येणारा केस उन्हाळ्यातच निघण्याच्या वाटेला लागला होता. या प्रकाराला वैद्यकात टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. अमेरिकी त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली त्याचे सविस्तर वर्णन केले.

आता त्या पांढऱ्या ठिपक्याविषयी, कारण त्याने फार माणसे घाबरतात. विश्रांतीतल्या केसाचे खालचे टोक गदेसारखे किंचित फुगीर व पांढरे होते. तो ठिपका म्हणजे केसाचे मूळ नव्हे. केस ज्यातून उगवतो ते बीजकोश त्वचेत जागच्या जागी शाबूत असते आणि बहुतेक वेळा खालून नवा केस वर येत असतो. एका अर्थाने तो ठिपका हे चांगले चिन्ह आहे, कारण त्यावरून केस नैसर्गिक चक्र पुरे करून गळला आहे हे कळते.

भुलीला एकटीला दोष देता येणार नाही. शस्त्रक्रियेचा ताण, गेलेले रक्त, आधीचा दीर्घकाळचा पंडुरोग, नंतरचे अपुरे खाणे आणि मनावरचे ओझे यांचा तो एकत्रित परिणाम असतो. आपल्या बाबतीत मला सर्वाधिक संशय लोहाच्या साठ्याचा येतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), ड जीवनसत्त्व आणि ब१२ एवढ्या तपासण्या करून घ्याव्यात. त्यात फेरिटिन अवश्य असावे, कारण रक्त चढवल्यावर हिमोग्लोबिन वर येते, पण साठा रिकामाच राहिलेला असतो आणि शरीर त्यातले लोह आधी रक्तासाठी वापरते. केसांचा क्रमांक पुष्कळ मागे लागतो.

गळती साधारण ३ ते ६ महिन्यांत ओसरते. या प्रकारात डोक्यावरचे निम्म्याहून अधिक केस सहसा जात नाहीत, पूर्ण टक्कल पडत नाही. मात्र केस महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे गळती थांबल्यावरही दाटपणा डोळ्यांना जाणवायला ६ महिने ते वर्ष लागते आणि वेणीची लांबी भरून यायला त्याहून पुष्कळ अधिक.

सह्यपुत्र

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण याच विषयातला असल्याने लिहितो. माझी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. ती बरेच तास चालली आणि त्यानंतर अतिदक्षता विभागात मी उताणाच पडून होतो. शुद्धीवर आल्यावर छातीच्या दुखण्यापुढे दुसरे काही जाणवत नव्हते, तरी डोक्याच्या मागच्या बाजूला, उशीला टेकते तिथे, हुळहुळे आणि सुजल्यासारखे वाटत होते. घरी आल्यावर काही आठवड्यांतच तेवढ्याच जागेचे केस गेले. साधारण रुपयाच्या दोन नाण्यांएवढा गुळगुळीत चट्टा पडला. नाभिकाने तो प्रथम पाहिला आणि चाई पडली असे सांगितले. कोणी लसूण चोळायला सांगितले, कोणी आणखी काही. मी काहीही न लावता डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हा दाबामुळे झालेला प्रकार आहे, चाई नव्हे, असे सांगितले. पुढे काही महिन्यांत तिथे केस आले, आधी मऊ आणि विरळ, मग नेहमीसारखे.

त्वचावैद्य महोदयांना विचारायचे आहे की हे टाळता येते का. माझ्या धाकट्या भावाचीही शस्त्रक्रिया ठरली आहे.

त्वचावैद्य

सह्यपुत्र, आपण लसूण चोळला नाही हे फार चांगले केले. आधीच दुखावलेल्या त्वचेवर त्याने भाजल्यासारखी जखम होते आणि मग व्रण राहून केस कायमचे जाण्याची भीती असते.

आपल्याला झाले ते दाबजन्य केसगळतीचे उदाहरण आहे. डोके एकाच जागी तासन् तास टेकलेले राहिले की त्या भागाचा रक्तपुरवठा घटतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्तदाब आणि शरीराचे तापमान मुद्दाम खाली ठेवले जाते, त्यामुळे हा धोका आणखी वाढतो. आधी सूज व दुखरेपणा, मग चार आठवड्यांच्या आत ठरावीक जागेचे केस जाणे, असा त्याचा क्रम असतो. निशिगंधताईंची गळती सगळ्या डोक्यावर पसरलेली आणि उशिरा सुरू झालेली आहे. दोन्हींतला हा भेद लक्षात ठेवावा. दाब फार काळ राहून जखम झाली नसेल तर केस परत येतात.

टाळण्यासाठी भूलतज्ज्ञ डोक्याखाली मऊ जेलची उशी ठेवतात आणि ठरावीक वेळाने डोके किंचित हलवतात. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा नातेवाइकांनी भावाच्या वतीने हा प्रश्न नम्रपणे विचारावा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांनाही कूस आणि डोक्याची स्थिती बदलण्याची विनंती करता येते.

आणखी एक. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर दिली जाणारी काही औषधे, म्हणजे रक्त गोठू न देणारी हेपारिन व वॉर्फरिन आणि हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या, यांनीही काहींचे केस गळतात. तसा संशय आल्यास हृदयरोगतज्ज्ञांना सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये, त्यात जिवाला धोका आहे.

दवबिंदू

मी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आहे आणि आमच्यापैकी बहुतेकांना केसगळतीला तोंड द्यावे लागते. वजन झपाट्याने उतरणे हाच शरीराला मोठा धक्का असतो. त्यात जठर लहान झाल्याने दोन घासांत पोट भरते आणि प्रथिने कमी पडतात. आमच्या आहारतज्ज्ञांनी दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने बंधनकारक केली होती आणि ताटातला प्रथिनांचा पदार्थ आधी खायचा, भात-पोळी नंतर, असा दंडक घालून दिला होता. कंटाळा आला तरी तो पाळावा लागला.

निशिगंधताई, आपली शस्त्रक्रिया वेगळी आहे, पण एक गोष्ट मी सर्वच रुग्णांच्या घरी पाहते. आजाऱ्याला हलके द्यायचे म्हणून आठवडेच्या आठवडे मऊ भात, पेज, साबुदाण्याची खीर आणि फळांचा रस दिला जातो. त्यात प्रथिने नावापुरती असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आहारतज्ज्ञ ती १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत वाढवायला सांगतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या बाईला ६६ ग्रॅमच्या पुढे. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७, मूठभर शेंगदाण्यांत ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. हा हिशोब मांडून पाहिला की दोन वेळच्या पातळ आमटीने काही भागत नाही हे ध्यानात येते. मोड आलेली मटकी, पिठले, घट्ट दही, मासे, जे घरात चालते ते वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने स्वतःहून वाढवू नयेत.

माजघर

निशिगंध, मी वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. माझ्या सुनेचे केस बाळंतपणानंतर असेच गेले होते. मी तिला अळिवाचे लाडू दिले, आठवड्यातून दोनदा माका आणि जास्वंदीचे तेल कोमट करून लावले आणि तिचे केस परत आले. तुलाही मी हेच सांगेन. आमच्याकडे असेही म्हणतात की एकदा सगळे केस उतरवले की दाट येतात. ते तू करावेस असे मी म्हणत नाही, पण जाणकारांनी त्यावर लिहावे.

त्वचावैद्य

माजघरआजी, अळिवाचे लाडू आपण दिलेत ते योग्यच होते. अळिवात लोह भरपूर असते. वनस्पतीतले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची जोड लागते, म्हणून आमच्याकडच्या लाडवात नारळ-गूळ असला तरी सोबत लिंबूपाणी किंवा आवळा घ्यावा आणि त्यावर लगेच चहा पिऊ नये. लोहाच्या गोळीलाही हाच नियम लागू आहे. शिवाय कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही चिठ्ठीवर असतात आणि बहुतेक जण त्या एकत्रच घेतात.

तेलाविषयी माझे मत स्पष्ट आहे. तेलाने केस कोरडा पडत नाही, तुटत नाही, गुंता सुटतो आणि मायेच्या हाताने लावलेल्या तेलाने माणूस शांत झोपतो. त्यासाठी ते जरूर लावावे. मात्र बीजकोश विश्रांतीत गेल्यावर त्याला जागे करण्याचे सामर्थ्य कोणत्याही तेलात नाही. बाळंतपणानंतरचे केस तेलाशिवायही परत येतात. जोरजोराने चोळू नये, एवढेच.

केस उतरवल्याने ते दाट होत नाहीत. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो, त्यामुळे वस्तऱ्याने तो कापल्याची खबर बीजकोशाला लागत नाही. कापलेले टोक बोथट असल्यामुळे उगवताना केस जाड भासतो.

पायवाट

मी औषधांच्या दुकानात बसतो. केस गळतात म्हटले की लोक चिठ्ठीशिवाय बायोटिनच्या (ब गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या) गोळ्या मागतात आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांनी ते करणे मला धोक्याचे वाटते. बायोटिनची खरी कमतरता क्वचितच आढळते. उलट मोठ्या मात्रेने घेतलेले बायोटिन रक्ताच्या काही तपासण्या बिघडवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन खोटेच कमी दिसू शकते आणि थायरॉइडच्या अहवालातही घोटाळा होतो. निशिगंधताई, आपण टीएसएच तपासणार आहात, तर अशी गोळी सुरू असल्यास प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना आधी सांगा.

केसांसाठीच्या मिश्र गोळ्यांत अ जीवनसत्त्व आणि सेलेनियमही असते. ही दोन्ही प्रमाणाबाहेर गेली तर केस उलट गळतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात २०२५ च्या सुरुवातीला गावेच्या गावे केसगळतीने हादरली होती, तेव्हा डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत खाण्यातल्या गव्हात सेलेनियम फार जास्त आढळले होते. तिथे काही दिवसांत टक्कल पडत होते, त्यामुळे तो प्रकार या धाग्यातल्यापेक्षा निराळा आहे. पण एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या घेणाऱ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो.

रानजाई

सगळ्यांनी औषधाचे लिहिले, मी दुसऱ्या प्रश्नाचे लिहिते. जीव वाचला, केसांचे काय, हे वाक्य मीही माझ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ऐकले आहे. बोलणारे प्रेमाने बोलतात यात शंका नाही. पण शस्त्रक्रियेत बाईचा एक अवयव गेलेला असतो, पोटावर व्रण आलेला असतो, ते सारे ती कपड्याआड झाकते आणि धीराने उभी राहते. केस तेवढे झाकता येत नाहीत. लहानपणापासून ज्या केसांवरून आईचा हात फिरला, ज्यांत गजरा माळला, ते ओंजळीत येताना रडू आले तर ते कृतघ्नपणाचे लक्षण नाही. जीव वाचल्याचे समाधान आणि केस गेल्याचे दुःख एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात आणि घरच्यांनी त्या दुःखाशी वाद घालू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. माझ्या नवऱ्याने काहीही न बोलता रोज मोरीची जाळी माझ्याआधी साफ करायला सुरुवात केली. मला त्याचा जितका आधार वाटला तितका कोणत्याही समजावणीचा वाटला नाही.

करण्यासारख्या गोष्टीही आहेत. केस खांद्यापर्यंत कापून घेतले तर उरलेले केस भरदार दिसतात आणि गळालेला केस आखूड असल्याने त्याचा पुंजकाही लहान वाटतो. भांग नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडे काढावा. समारंभासाठी गंगावन लावायचे असल्यास हलके घ्यावे आणि तेवढ्यापुरतेच लावावे, कारण त्याच्या ओझ्याने विरळ केसांच्या मुळांवर ताण येतो. घट्ट अंबाडा आणि ओल्या केसांवर फणी, ही दोन्ही काही महिने बंद ठेवावीत. आणि केस गळतील या भीतीने न्हाणे लांबवू नये. मी आठ-आठ दिवस न्हात नसे आणि मग एकदम साठलेले सगळे केस हातात येत. दोन-तीन दिवसांआड न्हाऊ लागल्यावर तेवढेच केस विभागून जाऊ लागले आणि रोजचा धसका कमी झाला.

निशिगंध

आपण सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. रानजाई, तुमचा मजकूर मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई काही वेळ गप्प होत्या, मग त्यांनी स्वतःच्या आजारपणातल्या केसांबद्दल पहिल्यांदाच सांगितले.

तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन ११.२, टीएसएच आणि ब१२ ठीक, ड जीवनसत्त्व थोडे कमी आणि फेरिटिन ९. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. माझ्या लक्षात आले की रुग्णालयातून घरी आल्यावर दिलेल्या लोहाच्या गोळ्या पोटात मळमळते म्हणून मध्येच थांबल्या होत्या. आता त्या जेवणानंतर, चहापासून दूर, अशा घेते आहे. दोन प्रश्न उरले आहेत. केस वाढण्यासाठी डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल हे औषध लावावे का? आणि केसांना मेंदी लावलेली चालेल का?

त्वचावैद्य

फेरिटिन ९ म्हणजे साठा जवळजवळ रिकामा आहे, त्यामुळे कारणाचा एक मोठा भाग हाती लागला आहे आणि तो पूर्णपणे भरून काढता येण्यासारखा आहे. गोळ्यांनी मळमळत असेल तर त्या सोडू नयेत. प्रकार बदलून मिळतो, एक दिवसाआड घेण्याचाही पर्याय असतो आणि तेही सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येते. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेले की बरेच जण गोळ्या थांबवतात. साठा भरण्यासाठी त्या पुढेही काही महिने घ्याव्या लागतात, म्हणून फेरिटिन पुन्हा तपासल्याशिवाय थांबवू नये.

मिनॉक्सिडिलची आज तरी आपल्याला गरज दिसत नाही. ते प्रामुख्याने आनुवंशिक विरळपणासाठी वापरतात, सुरुवातीचे काही आठवडे त्याने गळती वाढू शकते आणि आत्ताच्या मनःस्थितीत ते आपल्याला फार जड जाईल. सहा महिन्यांनंतरही गळती तशीच राहिली, किंवा मागचे केस दाट आणि भांगाच्या आसपासचे विरळ असे चित्र दिसू लागले, तर ही शस्त्रक्रियेनंतरची गळती नसून तिच्या आडून आनुवंशिक विरळपणा उघडा पडत आहे का, हे पाहून त्याचा विचार करू. मधल्या काळात गोल चट्टा पडला, भुवया गळू लागल्या, त्वचा लाल झाली, दुखू लागली किंवा पू दिसला तर थांबू नये, लगेच दाखवावे.

शुद्ध पाल्याची मेंदी चालेल. काळी मेंदी म्हणून बाजारात मिळते ती टाळावी, तिच्यात बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते आणि त्याची अॅलर्जी येऊन टाळू सुजू शकते. मेंदी वाळून कडक होण्याआधी धुवावी, खरवडून काढू नये. पुढच्या वेळी न्हाल्यावर केस वाळले की कपाळालगत आणि भांगाच्या कडेला उजेडात नीट पाहा. तिथे बोटाच्या पेराएवढे, टोकाला निमुळते असे आखूड केस उभे दिसतात का ते कळवा. तुटलेल्या केसाचे टोक बोथट असते, नव्याने उगवलेल्याचे निमुळते.

निशिगंध

आहेत. भांगाच्या डाव्या कडेला बरेच आहेत, उजवीकडे थोडे. मी त्यांना तुटलेले केस समजून तेलाने चापून बसवत होते.